लँडिड्नो: एकट्यानं, भरती-ओहोटीच्या चालीनं

वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर चुनखडीचे दोन डोंगर समुद्रात घुसलेले आहेत. पश्चिमेला ग्रेट ऑर्म, पूर्वेला लिटल ऑर्म. मधला तीनेक किलोमीटरचा किनारा अर्धवर्तुळात वळला आहे आणि त्या वळणाला धरून फिकट रंगाची, साधारण एकाच उंचीची हॉटेलं ओळीनं उभी आहेत. गावाचं नाव लँडिड्नो. स्पेलिंग बघून त्याचं 'लँडुड्नो' करू नये, एवढं सांगून पुढे जाऊ.

इथं एकट्यानं जावं आणि गेल्यावर फारसं काही करू नये, असं माझं मत आहे. पुष्कळ जण लँडिड्नोचा उपयोग फक्त तळ म्हणून करतात. सकाळी नाश्ता उरकून स्नोडोनियाकडे, म्हणजे आता अधिकृतपणे ज्याला एरीरी म्हणतात त्या डोंगरांकडे, निघायचं आणि रात्री झोपायला परत यायचं. डोंगर सुंदरच आहेत. पण त्यांच्यासाठी यायचं तर डोंगरातल्या गावातच उतरावं. लँडिड्नो हे रमतगमत चालण्यासाठी मुद्दाम आखलेलं गाव आहे आणि ते दिवसाउजेडी, पायी, घड्याळाकडे कमी आणि पाण्याकडे जास्त बघत पाहायचं असतं.

'मुद्दाम आखलेलं' हे शब्दशः खरं आहे. १८४० च्या दशकापर्यंत इथं तांब्याच्या खाणीतल्या मजुरांची आणि मच्छीमारांची थोडी घरं होती, बाकी पाणथळ जमीन. ती मालकी मॉस्टिन घराण्याची. लिव्हरपूलच्या ओवेन विल्यम्स या सर्वेक्षकानं १८४८ मध्ये आराखडा मांडला, पुढच्या वर्षी भूखंड भाडेपट्ट्यानं द्यायला सुरुवात झाली आणि १८५८ मध्ये रेल्वे आली. रस्ते किती रुंद, इमारती किती उंच, दर्शनी भाग कसा, यावर जमीनमालकाचा धाक होता. त्याचा फायदा आजही मिळतो. समुद्रालगतच्या प्रॉमनाडवर दुकानांची गर्दी नाही. दुकानं एक गल्ली मागे, मॉस्टिन स्ट्रीटवर, आणि तिथल्या फुटपाथवर लोखंडी खांबांची, काचेची छपरं. पाऊस आला की प्रॉमनाडवरून दोन मिनिटांत छपराखाली जाता येतं. आर्केड, आइस्क्रीम, नाणी खाणारी यंत्रं हा सगळा गोंगाट मुख्यतः धक्क्यावर, म्हणजे पिअरवर, कोंडलेला आहे. एकट्या माणसाला नेमकं हेच हवं असतं: गोंगाट हवा तेव्हा चालत जाऊन गाठता यावा, नको तेव्हा पाठ फिरवता यावी.

१८९० मध्ये रोमानियाची राणी एलिझाबेथ इथं पाच आठवडे राहिली होती. 'कार्मेन सिल्वा' या नावानं ती कविता लिहायची. जाताना तिनं या जागेला शांततेचं सुंदर आश्रयस्थान म्हटलं, आणि गावानं त्याचंच वेल्श रूप आपलं बोधवाक्य करून टाकलं. पाच आठवडे तुमच्या-माझ्या नशिबात नाहीत. चार रात्री मात्र हव्यात, त्याही शक्यतो रविवार ते गुरुवार.

रविवारपासून का, तर खोल्यांचं गणित तसं आहे. ब्रिटनमध्ये खोलीचं भाडं बहुधा दोघांचं धरलेलं असतं. एकटा माणूस तीच खोली घेतो तेव्हा त्याला जवळपास पूर्ण भाडं भरावं लागतं. शनिवारी रात्री तर अनेक ठिकाणी किमान दोन रात्रींची अट असते. आठवड्याच्या मधल्या दिवसांत मालक जास्त नरमाईनं बोलतात. प्रॉमनाडच्या मागच्या गल्ल्यांमधल्या छोट्या गेस्टहाउसांत खऱ्या अर्थानं एकट्यासाठीच्या खोल्याही असतात, पण त्या बहुधा सर्वांत वरच्या मजल्यावर, उतरत्या छपराखाली, आणि लिफ्ट नसते. मोठी बॅग असेल तर आरक्षणाआधीच जिने किती ते विचारावं. 'समुद्राचं दर्शन' असलेल्या खोलीसाठी वेगळे पैसे पडतात. ते देऊ नयेत. समुद्र खिडकीतून बघायला कोणी इतक्या लांब येत नाही. वाचलेल्या पैशांत एक रात्र वाढवता येते. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला जोडून इथं व्हिक्टोरियन जत्रा भरते: वाफेची इंजिनं, जुने पोशाख, रस्ते बंद. तिचा शौक असेल तर काही महिने आधी खोली धरावी, नसेल तर तो शनिवार-रविवार सरळ टाळावा.

आगगाडीनं येणं सर्वांत सोपं. लंडनच्या यूस्टनहून साधारण तीन ते साडेतीन तास. चेस्टर ओलांडून गाडी किनाऱ्याला लागते आणि तिथून पश्चिमेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो, म्हणून जागा उजव्या खिडकीची घ्यावी. नवखा माणूस एका ठिकाणी हमखास फसतो. 'लँडिड्नो जंक्शन' हे लँडिड्नो नव्हे. जंक्शन मुख्य मार्गावर आहे. गावाचं स्थानक तिथून फुटणाऱ्या छोट्या फाट्याच्या शेवटी, गाडीनं दहा मिनिटांवर. जंक्शनचं हॉटेल स्वस्त दिसलं म्हणून घेतलं की रोज संध्याकाळी गाडीच्या वेळेशी बांधलं जावं लागतं. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस पाठवतात. त्यामुळे रविवारी येणार असाल तर आदल्या दिवशी वेळापत्रक पुन्हा एकदा बघावं.

आता मुख्य गोष्ट, पाणी.

इथल्या भरती-ओहोटीतला फरक मोठा आहे. उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी सहा-सात मीटरनं वरखाली होते. मुंबईच्या उधाणापेक्षाही हे जास्त. परिणामी सकाळी पाहिलेला किनारा संध्याकाळी तोच राहत नाही. उत्तरेच्या बाजूला, म्हणजे प्रॉमनाडसमोर, भरतीला पाणी गोट्यांच्या उतारावर येऊन आपटतं आणि वाळूचा कणही दिसत नाही. ओहोटीला खाली वाळूचा पट्टा उघडा पडतो. 'लँडिड्नोला वाळू नाहीच' अशी तक्रार करणारे बहुधा भरतीला आलेले असतात. पण गोटे खरेच पुष्कळ आहेत, त्यात समुद्राच्या माऱ्यापासून बचावासाठी नंतर टाकलेल्या दगडांची भर पडली आहे. अनवाणी चालायचा विचार सोडावा आणि जाड तळव्याच्या चपला न्याव्यात.

कोकणातल्या माणसाला तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची सवय असते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. गंमत अशी की उन्हाळ्यात, घड्याळं तासानं पुढे केलेली असताना, लँडिड्नोलाही हे गणित तासाभराच्या फरकानं चालतं. इथंही पुनव-अवसेच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याच्या दिवसांत, नेमकं उलट. म्हणजे संध्याकाळी लांबवर उघडी वाळू हवी असेल तर पुनवेच्या किंवा अवसेच्या पुढचे दोन-तीन दिवस धरून जावं. तिकीट काढताना पंचांग बघणं हास्यास्पद वाटेल, पण या गावात उन्हापेक्षा चंद्राचा भरवसा अधिक.

अर्थात पाऊणपटीचा हिशेब सहल आखण्यापुरता. वाळूत उतरण्याआधी छापील किंवा ऑनलाइन भरतीचं वेळापत्रकच बघायचं. तिथंही एक खोच आहे. काही छापील तक्ते वर्षभर ग्रीनिच वेळ देतात. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर त्यात एक तास मिळवावा लागतो. तो मिळवायचा राहिला की भरती आपल्या हिशेबापेक्षा तासभर उशिरा येते, आणि मुख्य म्हणजे ओहोटीही. पाणी ओसरायला लागलं असं समजून आपण वाळूवर जातो, आणि ते अजून चढतच असतं.

ही चूक उत्तरेच्या बाजूला फारशी महागात पडत नाही, कारण मागे भिंत आणि पायऱ्या आहेत. पश्चिम किनाऱ्यावर, वेस्ट शोअरला, पडते. गाव एका चिंचोळ्या पट्टीवर वसलं आहे. प्रॉमनाडकडून वेस्ट शोअरला आडवं चालत गेलं तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. तिकडे हॉटेलांची रांग नाही, घरं आहेत, वाळूचे ढिगारे आहेत आणि ओहोटीला मैलभर पसरणारी ओली वाळू. समोर कॉन्वी नदीचं मुख, पलीकडे अँगलसी बेट. या वाळूत उथळ पाट असतात. भरती सरळ समोरून चालून येत नाही. ती आधी पाटांत शिरते, तुमच्या मागून. तुम्ही उंचवट्यावर कोरडे उभे असता आणि किनारा व तुम्ही यांच्यामध्ये कमरेएवढं पाणी झालेलं असतं. म्हणून ओहोटीच्या सर्वांत खालच्या वेळेनंतर पुढे जायचंच नाही, परत फिरायचं. सोबत कोणी नसल्यानं निघताना गेस्टहाउसमध्ये सांगून जावं, फोन चार्ज असावा, आणि अडकल्यास ९९९ ला फोन करून 'कोस्टगार्ड' मागावा. पोलीस किंवा रुग्णवाहिका नव्हे.

दोन्ही बाजूंना समुद्र असण्याचा प्रश्न बचाव नौकेच्या लोकांनी मोठ्या मजेशीर रीतीनं सोडवला होता. त्यांचं नौकागृह दीडशेहून अधिक वर्षं किनाऱ्यावर नव्हतंच, गावाच्या मध्यावर, घरांच्या रांगेत होतं. बोलावणं आलं की जिकडे संकट तिकडच्या किनाऱ्यावर नौका रस्त्यांतून ओढत न्यायची. २०१७ मध्ये प्रॉमनाडच्या पूर्व टोकाला, क्रेग-इ-डॉनला, नवीन केंद्र उघडलं तेव्हा ही वरात थांबली.

दोन किनाऱ्यांचा प्रवाशाला मिळणारा लाभ म्हणजे सूर्य. उत्तरेचा किनारा ईशान्येकडे तोंड करून आहे, उन्हाळ्यातला सूर्योदय तिथून पाण्यावर दिसतो. सूर्यास्त वेस्ट शोअरवर. पण कोणत्या महिन्यात आलो त्यानुसार उभं राहायची जागा बदलते. मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य थेट पश्चिमेला, पफिन बेटाच्या अंगानं उतरतो आणि वेस्ट शोअरचा कोणताही बाक चालतो. जूनमध्ये तो इतका उत्तरेकडे सरकतो की ऑर्मच्या कडेआड जातो. तेव्हा ऑर्मला वळसा घालणाऱ्या मरीन ड्राइव्ह या रस्त्यावर थोडं चढून जावं लागतं. जूनअखेरीस मावळतो पावणेदहाच्या सुमारास आणि साडेदहापर्यंत आकाशात उजेड रेंगाळतो. डिसेंबरात चारलाच अंधार. रात्री उत्तरेकडच्या क्षितिजावर लाल दिव्यांच्या रांगा दिसतात. त्या 'ग्विंट इ मोर' या पवनक्षेत्राच्या: समुद्रात उभ्या १६० पवनचक्क्या, २०१५ पासून पूर्ण क्षमतेनं वीज देणाऱ्या. देखावा बिघडवला म्हणून कुरकुरणारे आहेत. मला त्या दिव्यांचं काही वावडं वाटत नाही. काळ्या पाण्यावर नजरेला टेकायला काहीतरी मिळतं.

पाण्यानंतर वारा. ऑर्मवर जायचा दिवस वारा ठरवतो. डोंगर २०७ मीटरचाच, पण थेट समुद्रातून उठलेला, त्यामुळे प्रॉमनाडवर झुळूक असते तेव्हा माथ्यावर बोलणं ऐकू येत नाही. छत्री न्यायचीच नाही, उलटी होते. वारा अडवणारं, टोपी असलेलं जाकीट घ्यावं, ऑगस्टमध्येही.

वर जायचे तीन मार्ग. हॅपी व्हॅलीतून निघणारी केबल कार १९६९ ची. तिला वारा सोसत नाही, जरा जोर वाढला की बंद. म्हणून सकाळी फळ्यावर 'सुरू' दिसलं तरी परतीचं तिकीट काढताना विचार करावा. दुसरा मार्ग पायी. हॅपी व्हॅलीच्या बागेतून, जी मुळात दगडाची खाण होती आणि १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लॉर्ड मॉस्टिननं गावाला दिली, तिथून पाऊणएक तासात दमत दमत माथा गाठता येतो. तिसरा ट्राम, आणि एकदा तरी ट्रामनंच जावं.

ही ट्राम १९०२ मध्ये सुरू झाली, वरचा टप्पा १९०३ मध्ये. विजेच्या तारेवर चालणारी नव्हे, दोरखंडावर चालणारी. मार्ग दीडेक किलोमीटरचा, पण दोन तुकड्यांत. अर्ध्या वाटेवर 'हाफवे' स्थानकात उतरून दुसऱ्या डब्यात बसायचं. कारण असं की प्रत्येक तुकड्यात दोन डबे एकाच यंत्रणेतल्या पोलादी दोरखंडांना कायमचे जोडलेले आहेत. एक उतरतो तेव्हा त्याच्या वजनानं दुसरा चढायला मदत होते, उरलेला जोर हाफवेमधली यंत्रं लावतात. डब्यातला माणूस ट्राम ओढत नाही, तो पुढे नजर ठेवतो आणि ब्रेक सांभाळतो. खालच्या तुकड्यात दोरखंड रस्त्याखालच्या खाचेत लपलेला, रूळ थेट घरांच्या दारांसमोरून जातात आणि काही ठिकाणी चढ जवळपास चारास एक. वरच्या तुकड्यात चढ सौम्य, दोरखंड उघड्यावर, कप्प्यांवरून पळताना दिसतो. १९३२ मध्ये डब्याला दोरखंडाशी जोडणारा दांडा तुटून डबा घसरला, चालक आणि एक मुलगी दगावली. त्यानंतर मार्ग बंद राहिला तो १९३४ पर्यंत. ट्राम मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर एवढीच चालते. खालच्या डब्यांच्या खिडक्यांना काचा नाहीत, गार वारा थेट अंगावर येतो. सकाळी अकरानंतर रांग वाढते, म्हणून पहिल्या-दुसऱ्या फेरीला जावं. उतरणीला रांगेत उभं राहण्यापेक्षा चालत यावं, गुडघे कुरकुरत नसतील तर.

हाफवेपासून जवळच कांस्ययुगातली तांब्याची खाण आहे. १९८७ मध्ये वाहनतळासाठी जागेची पाहणी करताना ती हाती लागली, १९९१ पासून लोकांना पाहता येते. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी माणसांनी हाडांच्या आणि दगडी हातोड्यांच्या बळावर इथल्या मऊ पडलेल्या चुनखडीतून मॅलेकाइट हे तांब्याचं खनिज काढलं. आतापर्यंत आठेक किलोमीटरचे बोगदे शोधले गेले आहेत. काही इतके अरुंद की तिथं लहान मुलंच शिरत असणार. आतलं तापमान बाराही महिने दहा-बारा अंशांच्या घरात. बाहेर ऊन असलं तरी स्वेटर हातात ठेवावा. उंच माणसांनी वाकून चालावं आणि बंद जागेची भीती असणाऱ्यांनी वरूनच मोठा खड्डा बघून समाधान मानावं. गावात पैसे देऊन पाहायच्या ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यातली मी एकच निवडीन, ती ही.

आणि शेळ्या. ऑर्मच्या कड्यांवर लांब पांढऱ्या केसांच्या, मागे वळलेल्या भल्या शिंगांच्या शेळ्या चरताना दिसतात. मूळ काश्मीरच्या. काश्मिरी शालींसाठी युरोपात लोकरीचा ध्यास लागला होता तेव्हा तिकडून एक कळप फ्रान्समध्ये आणला गेला. त्यातली एक जोडी एका इंग्रज जमीनदारानं विकत घेऊन वाढवली, तिची पिल्लं राजाला नजर केली आणि विंडसरला राजघराण्याचा कळप उभा राहिला. तिथून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लॉर्ड मॉस्टिनकडे, आणि मग डोंगरावर मोकळ्या. वेल्श पलटणीचं मानचिन्ह म्हणून जो बोकड परेडमध्ये चालतो, तो या कळपातून निवडण्याची प्रथा आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीनं रस्ते ओस पडले तेव्हा या शेळ्या सरळ गावात उतरल्या, लोकांच्या कुंपणाची झुडपं फस्त केली आणि जगभरच्या बातम्यांत झळकल्या. हॅपी व्हॅलीच्या वरच्या उतारांवर सकाळी शोधाव्यात. जवळ जाऊ नये, खायला घालू नये. चोखंदळ नाहीत त्या, पण माणसाची सवय लागली की मालकांच्या बागांची धडगत राहत नाही.

ऑर्मला समुद्राच्या पातळीजवळून वळसा घालणारा मरीन ड्राइव्ह हा रस्ता १८७८ मध्ये खुला झाला. गाड्यांना टोल आणि एकच दिशा: पिअरकडून निघून वेस्ट शोअरला उतरायचं. पायी जाणाऱ्याला पैसे नाहीत आणि दिशेची सक्तीही नाही. गावातून परत येण्यासकट फेरी आठेक किलोमीटरची, रमतगमत अडीच-तीन तास. वारा बहुधा नैर्ऋत्येचा असतो. पिअरकडून निघालं तर अर्धा रस्ता डोंगराच्या आडोशानं सुखात जातो आणि टोक ओलांडताच वारा तोंडावर येतो. दमलेल्या पायांना ते जड जातं. वाऱ्याच्या दिवशी म्हणून उलटं, वेस्ट शोअरकडून जावं. निवांत दिवशी पिअरकडून, म्हणजे शेवटी सूर्यास्त मिळतो. टोकाजवळ एक कॅफे आहे, पण तो उघडा असेलच या भरवशावर राहू नये. पाणी आणि काहीतरी खायचं जवळ असू द्यावं. कड्यांत फुलमार, रेझरबिल हे समुद्रपक्षी घरटी करतात. दुर्बीण आणली असेल तर इथं ती सार्थकी लागते.

पिअर १८७७ चा, ७०० मीटर लांब, वेल्समधला सर्वांत लांब. प्रवेश फुकट. दोन पेन्सची नाणी टाकून नाण्यांचा ढीग ढकलायची यंत्रं इथं आहेत. पाच पाउंडांची चिल्लर घेतली तर तासभर सहज जातो. त्याहून जास्त घेऊ नये. पिअरच्या अलीकडे प्रॉमनाडवर उन्हाळ्यात 'पंच आणि जूडी'चा बाहुल्यांचा खेळ लागतो. १८६० पासून तो कॉडमन घराण्याकडे आहे. पोरांसाठी असला तरी मागे उभं राहून बघणाऱ्या मोठ्यांची संख्या कमी नसते.

खाण्याची गोष्ट वेळेपासून सुरू होते. इथली स्वयंपाकघरं रात्री साडेआठ-नऊला बंद होतात. आपल्या सवयीनं नऊला बाहेर पडलेला माणूस चिप्सच्या दुकानावर येऊन थांबतो. एकट्याला टेबल मिळायला साडेसहाची वेळ उत्तम. रविवारच्या दुपारच्या रोस्टसाठी मात्र एकट्यानंही आधी सांगून ठेवावं. फिश अँड चिप्स घेताना कॉड की हॅडॉक एवढंच विचारून भागत नाही, तळण कशात ते विचारावं. काही दुकानं आजही गोमांसाच्या चरबीत तळतात आणि मग चिप्सही त्याच कढईतल्या. शाकाहारी माणूस 'नुसते चिप्स' म्हणून घेतो आणि तिथंच फसतो. दुसरा सापळा वेल्श रेअरबिटचा. पावावर वितळलेलं चीज, मोहरी आणि बिअर, दिसायला शुद्ध शाकाहारी, पण त्यात वुस्टर सॉस असतो आणि त्यात अँचोव्ही मासा. ग्लॅमरगन सॉसेज मात्र नावाला फसू नका: चीज, लीकची पात आणि पावाचा चुरा, मांस नाही. वेल्श केक तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले छोटे चपटे गोल. पूर्वी डुकराच्या चरबीत करत, आता बरेचदा लोण्यात, विचारून घ्यावेत. बारा ब्रिथ हा चहात भिजवलेल्या सुक्या मेव्याचा पाव, लोणी लावून, चहाबरोबर. चार दिवस पुरतो, खराब होत नाही, एकट्या माणसाच्या बॅगेत असावाच.

चिप्स उघड्यावर खायचे तर पाठ भिंतीला लावून. सीगल समोरून येत नाहीत, मागून खांद्यावरून येतात, आणि पुडी नाही, हातातला तुकडा उचलतात. पुडी उघडी धरून समुद्राकडे तोंड करून उभं राहणं म्हणजे त्यांना आमंत्रण. प्रॉमनाडवरचे तिन्ही बाजूंनी बंद निवारे याच कामाचे आहेत.

पाऊस पडणार, पण ऐकीव वेल्सइतका नाही. महाबळेश्वर कोसळत असताना वाईला सरी येऊन जातात, तसाच हा प्रकार: नैर्ऋत्येचे ढग एरीरीच्या डोंगरांवर रिकामे होतात आणि लँडिड्नोच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. तरीही एक दिवस भिजका निघेल. त्या दिवशी मॉस्टिन कलादालन बघावं. रॉयल केंब्रियन अकादमीनं स्त्री असल्यामुळे सदस्यत्व नाकारलेल्या चित्रकर्तींना जागा मिळावी म्हणून लेडी ऑगस्टा मॉस्टिननं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बांधलं. किंवा कॉन्वी व्हॅलीची छोटी गाडी पकडून ब्लायनाय फेस्टिनिओगपर्यंत जाऊन यावं. जाताना सव्वा तासाच्या आसपास, नदीच्या कडेनं, शेवटी तीन किलोमीटरहून लांब बोगदा, आणि बोगद्यापलीकडे पाटीच्या दगडाचे करडे डोंगर. हे डोंगर पावसातच बघायचे, ओले झाल्यावर चकाकतात. मधली काही स्थानकं मागणीनुसार थांबण्याची आहेत. उतरायचं तर गार्डला आधी सांगायचं, चढायचं तर फलाटावरून हात दाखवायचा. जोरदार पाऊस झाला असेल तर मात्र आधी चौकशी करावी, नदीला पूर आला की हा मार्ग बंद पडतो.

कॉन्वी गावासाठी अर्धा दिवस पुरे. इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डनं १२८३ ते १२८७ या काळात वेल्श लोकांना जरब बसवायला बांधलेला आठ बुरुजांचा किल्ला तिकीट काढून बघायचा. १.३ किलोमीटरचा गावकोट मात्र फुकट चालता येतो, आणि किल्ल्याचं सर्वांत चांगलं दर्शन त्या तटावरूनच होतं. पायऱ्या उंच, ओल्या असल्या की निसरड्या. सप्टेंबर ते एप्रिलमध्ये आलात तर धक्क्यावर कॉन्वीचे शिनाणे, म्हणजे मसल्स हे शिंपले, मिळण्याचा संभव. होडीतून लांब दांड्याच्या दंताळ्यांनी नदीच्या तळातून ओढून काढायची इथली जुनी रीत आहे. मालवण-गोव्याकडचा माणूस त्यात ओलं खोबरं शोधेल. इथं ते पांढऱ्या वाइनमध्ये वाफवून, पावाबरोबर देतात.

महिना निवडायचा तर मेचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर. मेमध्ये दिवस मोठा आणि ऑर्मवर फुलं, पण पाणी बोचरं गार. सप्टेंबरात समुद्र वर्षातला त्यातल्या त्यात कोमट, पंधरा-सोळा अंश, शाळा सुरू झाल्यानं गर्दी उतरलेली आणि लिटल ऑर्मच्या पलीकडच्या एंजल बेमध्ये करड्या सीलांच्या विणीचा हंगाम सुरू होत असलेला. त्यांना वरच्या पायवाटेवरूनच बघावं. खाली उतरलं तर माद्या बिथरून पिल्लं सोडून पाण्यात जातात. नोव्हेंबरात ट्राम आणि खाण बंद, हॉटेलांत बसनं आलेल्या वयस्कर मंडळींचे गट आणि महिनाभर आधीच नाताळचं जेवण. खोल्या तेव्हा स्वस्त असतात, आणि वेस्ट शोअरवर दुपारी दिवस संपायच्या आत एक लांब फेरी होते.